खोकल्याचा रकाना

सुवर्णाला राग यायला फारसं निमित्त लागत नसे. शाळेत होती तेव्हा गुरुजींनी उगाच कोणाला मारलं की ही बाकावरून उठून विचारायची, याला का मारलं? मग हिलाही मिळायची. घरी तीच तऱ्हा. आत्याच्या लग्नाला आम्ही का गेलो नाही, बाबांनाच रंगाच्या खोलीत का ठेवतात, बहीण गायत्रीची शाळा सुटली आणि माझी का नाही. प्रश्न संपत नसत आणि उत्तर कोणी देत नसे. पांडेसऱ्याच्या त्या गल्लीत खानदेशातून गुजरातेत मिलच्या कामाला आलेली घरं भिंतीला भिंत लावून राहत. तिथे तिला सरळ तोंडाळ म्हणत. शोभाबाई, तिची आई, कपाळावर हात मारून म्हणायची, "हाई पोर कोना घरमा नांदाव नही."

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आल्यावर मात्र तिला एक माणूस भेटलं, ज्याला या खोडीचं काही वाटलं नाही. उलट आवडली. समाजशास्त्र शिकवणाऱ्या हेतलबेन. त्या वर्गात पहिल्याच तासाला गुजरातीतून म्हणाल्या, मोबाइलमधून उतरवून आणलेलं मला नको, ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्या दारात जाऊन विचारा. एक प्रश्न सगळ्यांना एकाच शब्दांत विचारायचा. समोरचा जे बोलेल तेच लिहायचं, आपल्याला काय वाटतं ते नाही. उत्तर पटलं नाही तरी लिहायचं. सुवर्णा त्या दिवशी बसमधून घरी आली ती हवेतच. विचारणं हेसुद्धा एक काम असतं, ते शिकवतात आणि त्याला गुण असतात, हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी हेतलबेन मिल-कामगारांच्या वस्त्यांचं मोठं सर्वेक्षण करणार होत्या. त्यासाठी वर्गातले मोजके विद्यार्थी त्या सोबत घेणार होत्या, आणि ज्यांचं पहिलं काम चोख निघेल त्यांनाच. सुवर्णाला त्यात जायचं होतं. तिला आयुष्यात दुसरं काही इतकं हवं झालेलं नव्हतं. नवे कपडे नाहीत, मोबाइल नाही. हे हवं होतं.

पहिलं काम म्हणजे आपापल्या वस्तीतल्या घरांची पाहणी. छापील प्रश्नावली मिळाली. घरात माणसं किती, कामाला कोण कुठे, पाणी कधी येतं, आणि घरात कोणाला खोकल्याचा किंवा दम लागण्याचा त्रास आहे का. सुवर्णाने हा शेवटचा प्रश्न वाचला आणि मनात म्हणाली, आता बघा. आमच्या गल्लीतल्या भिंती इतक्या पातळ, की शेजारच्या घरात पोळपाट खाली ठेवला तरी इकडे कळतं. सकाळी नळ यायच्या आधी गल्लीत खोकले सुरू होतात. कोणता खोकला कोणाचा हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. तिचा बाप निंबा कापड रंगवायच्या मिलमध्ये रंगाची पूड कालवायचा. त्याचा खोकला खालून, पोटातून यायचा आणि संपताना शिटी वाजायची.

दुपारी गल्लीतल्या बायका धुरपदाबाईच्या ओट्यावर बसत. साडीला टिकल्या चिकटवायचं काम असे. एकच साडी चार-पाच जणींच्या मांड्यांवर पसरलेली, हातात डिंकाची बाटली. साडी पुरी होईपर्यंत कोणाला उठायची सोय नाही. सुवर्णाला वाटलं, याहून सोपं काय असेल? सगळ्या एका जागी सापडतात आणि पळून जात नाहीत. ती समोर पाटावर बसली, एकेकीचं नाव घेऊन विचारत गेली, लिहीत गेली. पाण्यावर बायका भडाभडा बोलल्या. खोकल्याचा प्रश्न आला तशी साडीवरची बोटं थांबली. धुरपदाबाई वयाने सगळ्यांत मोठी, त्या ओट्यावर तिच्या शब्दापुढे कोणी जात नसे. तिने डिंकाची बाटली बंद केली आणि म्हणाली, "कोन्लेच काही नही. लिख."

मग पुढची म्हणाली, कोन्लेच काही नही. तिच्या पुढचीही तेच म्हणाली. साडीच्या टोकाला शोभाबाई, सुवर्णाची स्वतःची आई, बसली होती. तिने टिकलीवरून नजर न काढता तेच म्हटलं.

सुवर्णाचं डोकं भणभणलं. आत्ता आत, ओट्यामागच्या खोलीत, धुरपदाबाईचा मुलगा खोकत होता. सगळ्यांना ऐकू येत होतं. पण हेतलबेन म्हणाल्या होत्या, समोरचा बोलेल तेच लिहायचं. तिने दात-ओठ खात तेच लिहिलं. बाकीच्या घरांत गेली, तिथेही तेच. बातमी तिच्या आधी पोचलेली होती.

वर्गात प्रश्नावल्या तपासून झाल्या. वैभव नावाच्या एका पोराने सगळ्या प्रश्नावल्या कॅन्टीनमध्ये बसून, वेगवेगळ्या पेनांनी भरल्या होत्या, हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं. त्याच्या कागदांत कोणाला दमा होता, कोणाला नव्हता, एका आजोबांना टीबी होऊन बराही झाला होता. हेतलबेन त्याला म्हणाल्या, छान, विविधता आली आहे. मग त्यांनी सुवर्णाचा गठ्ठा उचलला. शेवटच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेलं.

"आ तो तें घेर बेसीने भर्यां छे," त्या म्हणाल्या. घरी बसून भरलेस.

"नाही बेन. प्रत्येकीला विचारलंय."

"मी रोज पांडेसऱ्यावरून येते. रिक्षात तोंडाला ओढणी बांधून येते, तरी मला खोकला येतो. आणि तिथे राहणाऱ्या एकालाही खोकला नाही? शब्दसुद्धा सगळ्यांचे सारखे?" त्यांचा आवाज चढला नव्हता, त्याचंच सुवर्णाला जास्त लागलं. "चूक झाली तर मी शिकवते. बनवाबनवी केली तर माझ्याकडे जागा नाही. सोमवारी खरं काम आण. नाहीतर शून्य, आणि पुढच्या वर्षीच्या कामात तुझं नाव नाही."

सुवर्णा वैभवकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर काहीतरी फेकून मारलं असतं. आपण एक अक्षर खोटं लिहिलं नाही आणि आपणच चोर. घरी येईपर्यंत तिच्या अंगाची लाही झाली. राग हेतलबेनवर होता, वैभववर होता, पण सगळ्यांत जास्त त्या ओट्यावर होता. त्या साडीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोटं चिकटवून ठेवलं होतं त्या बायकांनी.

ती तडक धुरपदाबाईच्या घरात शिरली. म्हातारी एकटी होती, तांदूळ निवडत बसलेली.

"आजी, तू मना तोंडवर खोटं बोलनी. मन्हामुळे नही, तुन्हामुळे माले कॉलेजमा चोर म्हनतस."

धुरपदाबाईने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तू सगळासमोर इचारं ना. सगळासमोर मी काय सांगू?"

"मंग आते सांग. आते कोनी नही आठे."

"सांगसू. तू लिखशी?"

"लिखसू."

"मंग नही सांगस."

सुवर्णा पाय आपटून निघाली, तेव्हा म्हातारीने तिचा हात धरून खाली बसवलं. सुमनची गोष्ट तुला माहीत आहे ना, म्हणाली. सुवर्णाला अर्धीमुर्धी माहीत होती. पलीकडच्या गल्लीतली सुमन, साखरपुडा झालेला, पत्रिका छापलेल्या. मिलच्या फाटकाशी तपासणीचं शिबिर भरलं आणि तिच्या बापाने तिथे भाबडेपणाने सांगितलं, छातीत दुखतं, खोकल्यात रक्त दिसतं. डॉक्टरने लिहून घेतलं. रांगेत मागे कोणीतरी मुलाच्या गावचं, शिंदखेड्याकडचं होतं. ते फोनवरून गावात गेलं, गावातून मुलाकडे गेलं. त्या घराला छातीचा रोग आहे, पोरींनाही असेल. सोयरीक मोडली. सुमन अजून घरात आहे, आणि तिच्या पाठच्या दोघीही.

"तुनी बहिननं जमी राहिनं," धुरपदाबाई म्हणाली. "भेस्तानना मानसं रविवारले पोर देखाले येवाव शेतस. त्या आठे गल्लीमा इचारतीनच. एकीनी जरी हा म्हनं, तरी गल्लीवर बोट उठस. आम्ही सगळ्या कोनाकरता खोटं बोलनूत, तुले वाटस?"

सुवर्णाला आणखी संताप आला. म्हणजे तिच्या बहिणीसाठी सगळ्या गल्लीने तिचं वाटोळं केलं होतं. आभार मानायचे की भांडायचं, हे तिला ठरवता येईना. शेवटी ती घरी जाऊन आईशी भांडली.

पण तिथे शोभाबाईच आधी पेटून बसली होती. त्या भेस्तानच्या मुलाच्या आत्याचा फोन येऊन गेला होता. तुमच्या गल्लीत कोणी पोर खोकल्याची चौकशी करत फिरते म्हणे, काही साथबीथ आहे का, असं विचारत होती.

"तुना कागद जाळ," शोभाबाई म्हणाली. "सगळी दुन्यामा तुले खोकलाच दिसना इचाराले?"

"प्रश्न मी काढा नही, माय. पन तू मनासमोर खोटं बोलनी. बा रातभर खोकलतस आनि तू—"

"हा, बोलनी. परत बोलसू."

निंबा दारात पायताण काढत होता. त्याने दोघींचं सगळं ऐकलं. तो मिलमधून आला की नखांच्या कडांना निळा नाहीतर लाल रंग असायचा, त्या दिवशी हिरवा होता. तो मोरीत गेला आणि नळ मोठा सोडून खोकत राहिला. नळाच्या आवाजात लपावं म्हणून. सुवर्णाला ते कळलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रागाचंच आलं.

रविवारी घर झाडून-पुसून लख्ख केलं. गायत्रीला गुलाबी साडी. शेवभाजी, भरीत आणि शिरा. निंबाला इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीपाशी बसवलं होतं आणि गालात लवंग ठेवायला लावली होती. शोभाबाईने बजावलं, बोलू नका, नुसती मान हलवा, पाणी घोट घोट प्या. आयुष्यभर ज्याने घर ओढलं, त्याला स्वतःच्या मुलीच्या सोयरिकीला पुतळ्यासारखं बसवून ठेवलेलं पाहून सुवर्णाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, हा माणूस आजारी आहे, याला दवाखान्यात न्या, मग काय जोडायचं ते जोडा. तिने कपबश्या पुसायला घेतल्या. गायत्रीचा चेहरा समोर होता.

भेस्तानहून माणसं आली. मुलगा लखन, अंगाने सडपातळ, मान खाली घालून बसलेला. त्याचे वडील धुडकू आप्पा, डोक्याला पांढरी टोपी, हसरे, पण तेही फारसे बोलेनात. बोलायचं काम आत्याच करत होती. गावची नाती निघाली, कोणाचा कोण ते जुळलं, चहा झाला. गायत्री येऊन बसली, नाव सांगितलं, आत गेली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आत्याने सुवर्णाकडे पाहिलं.

"तूच का ती कॉलेजवाली? घरोघर खोकलानं इचारती व्हती म्हनं. काय निंघनं तुना इचारामा?"

 शोभाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, तिने पदराचं टोक मुठीत धरलं. निंबाने गालातली लवंग एका बाजूची दुसऱ्या बाजूला केली. सुवर्णाला वाटलं, हीच वेळ आहे. प्रश्न समोरच्याने विचारलाय, खरं उत्तर माझ्याकडे आहे, आणि बेन म्हणतात खरं तेच आणायचं.

"कोन्लेच काही नही," ती म्हणाली.

तिचे शब्द तिलाच ओळखू आले. ओट्यावरच्या बायकांचे, साडीच्या टोकावरच्या आईचे. त्यातली काना-मात्रासुद्धा बदललेली नव्हती. आत्याने बरं म्हणून मान हलवली.

तेवढ्यात निंबाचे खांदे हलले. तो तोंड मिटून दाबत होता, मान फुगली होती, कानशिलं लाल झाली होती. अजून क्षणभरात सुटणार हे सुवर्णाला माहीत होतं, तो आवाज ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. ती उठली. कोणाला काही न विचारता स्वयंपाकघरात गेली, गॅसवर कढई तापलेली होतीच, त्यात तेल ओतलं आणि डब्यातून मूठभर लाल मिरच्या घेऊन टाकल्या. वरून आणखी मूठभर. शोभाबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरली. मिरच्या काळ्या पडल्या आणि ठसका उठला.

बाहेर सगळे एकदम खोकायला लागले. आत्या खोकली, लखन खोकला, निंबा मनसोक्त खोकला, शिटीसकट. माणसं खोकता खोकता हसायला लागली. "काय तिखट फोडनी शे तुमनी," आत्या डोळे पुसत म्हणाली. दारं-खिडक्या उघडल्या, पंखा मोठा केला, आणि हळूहळू खोकले विरले. निंबाने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. कोणाला संशय आला नाही.

पण एक खोकला थांबला नव्हता. धुडकू आप्पा उठून बाहेर गेले होते, गल्लीतल्या नळापाशी, भिंतीला हात लावून वाकून उभे होते. सुवर्णा पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली आणि दोन पावलांवर थांबली. ठसका कधीचा ओसरला होता. हा खोकला खालून, पोटातून येत होता, आणि संपताना शिटी वाजत होती.

तिने पेला पुढे केला. आसपास कोणी नव्हतं. तिने आवाज खाली ठेवून, प्रश्नावलीतले शब्द जसेच्या तसे न विचारता, कधीपासून आहे एवढंच साधं विचारलं, "आप्पा, कधळपशी शे?"

धुडकू आप्पा पाणी प्यायले, त्यांनी टोपीने तोंड पुसलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. हसले नाहीत.

"तुना बापले जधळपशी शे, तधळपशी," ते म्हणाले. मग पेला परत देत म्हणाले, "लिखू नको, पोरी."

म्हणजे त्यांना सगळं कळलेलं होतं. फोडणीसुद्धा. ते आत गेले, जागेवर बसले आणि म्हणाले, आम्हाला मुलगी पसंत आहे. शोभाबाईने साखर वाटली. सुवर्णा पेला घेऊन नळापाशी उभी राहिली. सगळ्या कामात तिला खोकल्याबद्दल मिळालेलं पहिलं खरं उत्तर ते होतं, आणि ते मिळवायला तिने काय काय केलं होतं, ते तिला कोणत्याही वर्गात सांगता येणार नव्हतं.

सोमवारी तिने तोच गठ्ठा हेतलबेनच्या टेबलावर ठेवला. एक अक्षर बदललेलं नव्हतं.

"पुन्हा तेच?"

"तेच, बेन."

"निदान कारण तरी लिही. लोक खोटं बोलले असतील तर का बोलले, ते लिही. नावं घालू नकोस. तेही संशोधनच आहे."

हेतलबेन हे रागाने म्हणाल्या नव्हत्या, आणि सुवर्णाला मोह पडला. लिहिता आलं असतं. ओटा, साडी, सुमन, मिरच्या, सगळं. नावांशिवाय. पण तिच्या वर्गात पांडेसऱ्याची पोरं होती, भेस्तानची होती, खानदेशातली निदान दहा-बारा. कोणती गल्ली, कोणती फोडणी, हे त्यांना नावाशिवायही कळलं असतं, आणि गायत्रीचं लग्न अजून व्हायचं होतं.

"नाही लिहिता येणार," ती म्हणाली.

हेतलबेननी पेन उघडलं. मग पहिल्या पानावर शून्य लिहिलं आणि निवडलेल्यांच्या नावांतून तिच्या नावावर रेघ मारली. वैभवचं नाव राहिलं. सुवर्णा जागेवर जाऊन बसली. मार खाल्ला असता तर बरं, असं तिला वाटलं. निदान कोणीतरी मारलं असं म्हणता आलं असतं.

संध्याकाळी घरी आली तर गायत्री खिडकीत बसून बांगड्यांचं माप बघत होती. तिला इतकं खुशीत पाहून सुवर्णाचा उरलासुरला तोल गेला. आईला ऐकू जाऊ नये म्हणून ती दातांमधून बोलली, पण बोलली सगळं. तुझ्या सासऱ्यालाही तेच आहे, मी माझ्या कानांनी ऐकलंय, त्याने कबूल केलंय. त्या घरात जाऊन तू पुन्हा नळ सोडून खोकणारा माणूस सांभाळणार. लखनही बापासारखाच मिलच्या रंगाच्या कामावर आहे, उद्या त्यालाही होईल. तुझ्यासाठी मी शून्य घेतलं, तू निदान नाही तरी म्हण.

गायत्रीने बांगडी हातातून काढून ठेवली.

"मी बी आईकं व्हतं," ती म्हणाली. "मी बी याच घरमा वाढेल शे ना? माले काय कान नही?"

"आनि तरी हा म्हननी?"

"तू इतला घर फिरनी. पांडेसरामा, नही तर भेस्तानमा, आम्हना मानसंस्नं एक घर सांग, जठे खोकला नही. मी तठे जासू." ती थांबली, खरंच थांबली, उत्तराची वाट पाहिल्यासारखी. "सांग ना."

सुवर्णा मनातल्या मनात एकेक दार आठवत गेली. गायत्रीने पुन्हा बांगडी उचलली आणि माप घ्यायला लागली.